आधीची गाडी

लसणीच्या चटणीचा डबा उघडला की मी अजूनही ड्युसेलडॉर्फच्या फलाटावर जाऊन उभी राहते.

आईबाबा माझ्याकडे राहून पुण्याला परत निघाले होते, विमान फ्रँकफर्टहून होतं. बाबांच्या शिस्तीप्रमाणे आम्ही फारच लवकर पोचलो. समोर फ्रँकफर्टचीच गाडी उभी.

"अगं, मिळतेय तर बसू या की!" म्हणत बाबा चढलेसुद्धा, मागोमाग आई. मी बॅगा आत दिल्या, दारं लागली. त्यांच्या जागा बघायला मोबाइलवर तिकीट उघडलं आणि दिसलं, 'त्सुगबिंडुंग'. स्वस्तातलं तिकीट, फक्त ठरलेल्या, म्हणजे यानंतरच्या गाडीला चालणारं. तपासनीस आईबाबांना मध्येच कुठेतरी उतरवणार! जर्मनचा गंध नाही, जवळ चालू फोन नाही.

गाडी हलली, तशी मी खिडकीवर हात आपटत धावले. "बाबा, उतरा! आई, उतर गं!" काचेपलीकडे काही पोचत नव्हतं. आईला वाटलं, मी टाटा करतेय. दशम्या-चटणीचा डबा मांडीवर धरून तिनं हसत हात हलवला. मी रडायला लागले, तशी ती आणखी जोरात हलवू लागली.

तपासनिसानं त्यांना उतरवलं नाही, विमानही मिळालं. आई मात्र मला पुन्हा भेटली नाही. पुढे मी पुण्याला पोचायच्या आत ती गेली.

त्या दिवशी तो हात थांबावा म्हणून मी जीव तोडून ओरडत होते.