सही नसलेली फाईल

न वाचलेल्या कागदाचा हवाला तुम्ही कधी दिला आहे का? मी दिला आहे. अक्कांचे आम्ही विद्यार्थी बेंगळुरूत एकत्र जमलो की किश्शांवर किस्से साचत जातात. हा मात्र मलाच सांगावा लागतो, कारण अपराधी मीच.

अक्का आम्हाला आधुनिक रशियाचा इतिहास शिकवत. घराणे मराठी, कित्येक पिढ्या इथलेच. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, "रशियाच का?" मी लांबलचक उत्तर दिले.

"सरी, ठीक आहे. रशियन येतं?"

"नाही."

"मग आधी ते शीक. इतिहास स्वल्प थांबेल, पळून नाही जात."

*

मी संध्या करून, गंध लावून विद्यापीठात जाई. एका प्राध्यापकांनी टोमणा मारला, "देव नाकारणाऱ्या राजवटीचा अभ्यास, आणि हे कपाळ?"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "मलेरियाचा डॉक्टर डास पाळत नाही, सर."

*

मॉस्कोच्या अभिलेखागारात एक शिस्त आहे. प्रत्येक फाईलीला एक कागद जोडलेला असतो. वाचणाऱ्याने त्यावर नाव, तारीख लिहून सही करायची. माझा मुक्काम संपला तरी क्रांतीनंतरच्या एका नाट्यगृहाची फाईल हाती आली नाही. एका जुन्या पुस्तकात तिचा हवाला होता: दिग्दर्शकाने बंदीविरुद्ध केलेला अर्ज. तो मी स्वतः पाहिल्यासारखा उतरवला आणि त्यावर एक प्रकरण उभारले.

प्रबंध सादर झाला. तोंडी परीक्षा आठवड्यावर आली. पदवी मिळताच महादेवपुऱ्याच्या एका कॉलेजात नोकरी ठरलेली होती. तेवढ्यात अक्का मॉस्कोहून परतल्या.

"त्या फाईलीवर तुझी सही नाही रे."

"राहून गेली असेल."

"सहीशिवाय ते फाईल उघडू देत नाहीत."

"ती मला मिळालीच नाही," मी कबूल केले.

"परीक्षकांना तू सांगतोस की मी?"

मी सांगितले. प्रबंध परत घ्यावा लागला. नोकरी दुसऱ्याला गेली. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज देवापुढे दिवा लावताना आईवडिलांनंतर त्यांचेच नाव घेतो.

*

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी मला पुन्हा मॉस्कोला धाडले. फाईल आली. सही करून उघडली. आत अर्ज नव्हता, नाटक नव्हते, दिग्दर्शकही नव्हता. नाट्यगृहाच्या शेगड्यांना लागणाऱ्या सरपणाची मागणीपत्रे होती, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

मी फोन केला. "अक्का, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी वाचली होती ना."

"मग आता माझं प्रकरण?"

"सरपणावर लिही."

जुने प्रकरण मी फाडले, आणि पुढचे वर्षभर सरपणावर लिहिले.