ब्रेकमधली हवा

इंजिनातली तेलाची काडी बाहेर काढली की मावशी ती अंगठ्यावर पुसायची, तेल दोन बोटांत चोळायची, नाकापाशी न्यायची आणि मगच तोंड उघडायची. "आधी बगाचा, मंग बोलाचा," हे तिचं ठरलेलं वाक्य. गाडी कुणाचीही असो, मालकानं विचारलेलं असो वा नसो.

ठाण्याजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात मी डिस्पॅचच्या टेबलावर होते आणि ती पॅकिंगला. पन्नाशीची, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि त्यावर हेल्मेट. अकलोलीच्या अलीकडच्या एका खेड्यातून ती रोज शंभर सीसीच्या जुन्या मोटारसायकलवर यायची. सकाळच्या वेळी तुम्ही त्या रस्त्यानं गेला असाल, तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. पंजाबी ड्रेसवर पुरुषी शर्ट, पाठीला डब्याची पिशवी, आणि कंटेनरच्या रांगेतून जाताना चेहरा असा, जणू आपल्याच शेताच्या बांधावरून चाललीय.

गाडीचं तेल ती स्वतः बदलायची. हे कसं सुरू झालं ते तिनंच मला सांगितलं. आधी ती एका गॅरेजात गाडी टाकायची. तेल बदलल्यावरही इंजिनाचा आवाज तसाच, म्हणून तिला शंका आली. पुढच्या वेळी गाडी टाकण्याआधी तिनं इंजिनाच्या खालच्या बोल्टवर मुलीच्या लाल नेलपॉलिशनं एक रेघ मारली. अर्धी बोल्टवर, अर्धी इंजिनावर. संध्याकाळी गॅरेजवाला म्हणाला, "बदल दिया ऑइल, एकदम मख्खन." मावशीनं खाली वाकून पाहिलं. रेघ जशीच्या तशी, कुठं तुटलेली नाही.

"मग? भांडलीस?" मी विचारलं.

"भांडून काय कराचा? त्याला बोल्लू, भाऊ, तुजा हात लय हलका हाय. बोल्ट उघडलास आनि रेघ पन न्हाय मोडली." दुसऱ्या दिवशी तिनं सतरा नंबरचा पाना विकत आणला.

माझ्याकडे तेव्हा भावाची दीडशे सीसीची गाडी नुकतीच आली होती. तो पुण्याला गेला आणि गाडी माझी झाली. मला ती चालवता यायची, एवढंच. एका दुपारी मावशीनं पार्किंगमध्ये माझ्या गाडीची काडी काढली, वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरच्या कुणाला उपाशी ठेवलंय.

"बाय, किती दिस झाले?"

"माहीत नाही गं."

"शनवारी शिफ्ट सुटल्यावर थांब."

शनिवारी मी थांबले. पॅकिंगच्या दोघीतिघी बघायला जमल्या, सिक्युरिटीचे काका खुर्ची घेऊन आले. मावशीनं आधी गाडी पाच मिनिटं चालू ठेवायला लावली. "थंड तेल आलशी अस्ता. गरम झाला का पटापट येतो." मग पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः दोन पावलं मागे सरकली. मी बोल्ट फिरवला तो नेमका उलटा, घट्ट व्हायच्या बाजूनं. तिनं माझं मनगट धरून दुसरीकडे वळवलं. बोल्ट सैल झाला, मग बोटांनी फिरायला लागला, आणि मी "येतंय, येतंय!" असं ओरडत असताना तेल धरायला ठेवलेला कापलेला कॅन राहिला बाजूला आणि काळ्या तेलाची धार थेट माझ्या चपलेवर.

"जालीस आता आमच्यातली," मावशी म्हणाली. सगळे हसले, मी सगळ्यात जास्त.

नवं तेल मधाच्या रंगाचं होतं. नरसाळ्यातून ते आत जाताना मी श्वास रोखून बघत होते. गाडी चालू केली आणि आवाज बदलला. खरंच बदलला! घरी जाताना प्रत्येक सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याला सांगावंसं वाटत होतं की हे तेल मी बदललंय, या दोन हातांनी. नखं दोन दिवस काळी होती. मी ती मुद्दाम घासली नाहीत.

त्यानंतर मी दोनदा एकटीनं तेल बदललं. आणि माझ्या अंगात आलं.

ठाण्याच्या एका कंपनीत माझी मुलाखत ठरली होती. आमच्यापेक्षा मोठं काम, मोठा हुद्दा. त्या दिवशी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी पुढच्या ब्रेकचं तेल बदलायला घेतलं. मोबाइलवर पाहिलं होतं, सोपं वाटलं होतं. जुनं तेल कोऱ्या चहासारखं काळं झालेलं, ते काढलं, नवं भरलं. थोडं टाकीवर सांडलं आणि तिथला रंग उडाला. लिव्हर जरा मऊ लागत होती, पण नवं तेल आहे, बसेल हळूहळू, असं मी स्वतःला समजावलं आणि मागच्या ब्रेकवर हळूहळू पूर्णा गाठलं.

जेवणाच्या सुट्टीत मी निघायच्या तयारीत होते. मावशी पार्किंगमधून येत होती. येता येता तिनं सवयीनं माझी ब्रेकची लिव्हर दाबली. ती सरळ हँडलला जाऊन टेकली.

मावशी थांबली. पुन्हा दाबली.

"ह्यो काय हाय? ब्रेक हाय का पापड?"

मी घाईघाईनं सांगितलं. तेल मीच बदललं, थोडी हवा राहिली असेल, उद्या बघू, मला चार वाजता ठाण्याला पोचायचंय.

"कशेलीवरून जाशील?"

"हो."

तिनं हात पुढे करून माझ्या गाडीची चावी काढून घेतली. मी रडकुंडीला आले. या नोकरीसाठी मी तीन महिने फोन करत होते, मी तिच्यावर अक्षरशः ओरडले. "मावशी, चावी दे! माझी मुलाखत आहे! तुला काय कळतंय त्यातलं!"

असं बोलायला नको होतं. तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिनं कमरेची स्वतःची चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"तिसरा गिअर जरा वर उचलून टाक. जा."

सिक्युरिटीचे काका उभेच राहिले. त्या गाडीला मावशीशिवाय कुणी हात लावल्याचं गोदामात कुणी पाहिलं नव्हतं.

ती गाडी मी कशी सांगू तुम्हाला! बारा-तेरा वर्षांची, पण एका किकला सुरू, एक खडखड नाही. कशेळीच्या पुलावर कंटेनरांमध्ये सापडले, पुढचा ट्रेलर अचानक थांबला आणि मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी. ट्रेलरचं मागचं लोखंड माझ्यापासून हातभर. मी तिथंच उभी राहिले, मागे सगळे हॉर्न वाजवत होते, आणि मला फक्त माझ्या हाताखालची ती घट्ट लिव्हर कळत होती.

मुलाखत झाली. परत आले तेव्हा सहा वाजत आलेले, उजेड होता अजून. शिफ्ट कधीच सुटली होती. पार्किंगमध्ये मावशी उलट्या क्रेटवर बसलेली, बाजूला माझी गाडी, पाना, ओलं फडकं, पारदर्शक पाइप, ब्रेक ऑइलची बाटली. मला वाटलं, झालं असणार तिचं करून.

लिव्हर दाबली. पापडच.

"मावशी, केलं नाहीस?"

"मी का करू? बिघडवला कोनी?"

मी खाली बसले. ती लिव्हर दाबून म्हणायची, "धरला." मी खालची निपल, म्हणजे तेल सोडायचा बारीक बोल्ट, सैल करायची, पाइपातून तेलाबरोबर बुडबुडे सुटायचे, मी निपल बंद करायची, मग ती सोडायची. धरला, बंद, सोड. धरला, बंद, सोड. दर चार-पाच वेळांनी ती वरच्या डबीत तेल आहे ना ते बघायला लावायची. सकाळी मी तिथंच चुकले होते, डबी रिकामी होऊ दिली होती आणि हवा आत शिरली होती. बुडबुडे मोठे होते, मग बारीक झाले, मग एक एक येऊ लागले. माझी मान दुखत होती. मधेच मी म्हणाले, "दुपारी जे बोलले ते..."

"डबी बग," मावशी म्हणाली.

आणि एकदा पाइपातून नुसतं तेल आलं. पुन्हा नुसतं तेल.

"ये. तू दाब आता."

मी दाबली. अर्ध्यावर जाऊन लिव्हर दगडासारखी थांबली. मी गाडी ढकलून ब्रेक मारला, पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. मी "झालं! झालं!" म्हणून किंचाळले, सिक्युरिटीच्या काकांनी शिट्टी फुंकली आणि मी मावशीला मिठीच मारली, ब्रेक ऑइलच्या हातांनी.

"शर्ट खराब केलास," ती म्हणाली, पण तिनंही हात सोडले नाहीत. मग एकदम आठवल्यासारखं विचारलं, "नोकरीचा काय जाला?"

नोकरी लागली. मी ठाण्याला गेले. फोन चालू होते, पण भेट राहून जात होती. शेवटी एका रविवारी मी तिच्या गावी गेले. ओट्यावर तिचे यजमान एकटेच बसले होते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा फुलला.

"ती? ती सकालीच गेली ना, नाशकाला! पोरगी बालंत जाली. मी बोल्लू, यष्टीनं जाऊ दोगं. तर बोल्ली, यष्टी कव्हा येल, कव्हा पोचल. डिंकाचे लाडू बांधले कॅरिअरला, न् निंगाली. सगला गाव रस्त्यावर!" ते उठून उभे राहिले आणि हातानं वळण दाखवू लागले. "तिकडं गेली. हात पन न्हाय दाखवला. मी उद्या जातू. यष्टीनं."

मी तिला फोन लावला. गाडीवर असताना ती उचलत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी लावला. आतून त्यांनी चहा आणला. अंगण आदल्या दिवशीच सारवलेलं होतं, आणि त्यावर चाकाचा एकच माग उमटला होता. दारापासून निघून सरळ रस्त्याला लागलेला.