डावीकडची पाणंद

“म्याडम, ही सोंग करतीया. आत्ता पकडून दाखवतो,” असं म्हणत बबनरावांनी खिशातलं लिंबू बायकोच्या डाव्या बाजूनं भिरकावलं. कांताबाईंनी झटकन मान बाजूला घेतली. लिंबू माझ्या डोळे तपासायच्या मशीनवर आदळलं.

“ओपीडी आहे ही, क्रिकेटचं मैदान नाही!” मी ओरडले. मशीनला काही झालं नव्हतं, म्हणून ते वाचले.

नगरमध्ये मी डोळ्यांची डॉक्टर. हे जोडपं पाथर्डीकडचं, दरसाल ऊसतोडीला जाणारं. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा. उन्हाळ्यात कांताबाईंना स्ट्रोक झाला. मेंदूची एक रक्तवाहिनी बंद पडली. हातपाय वाचले, पण डावीकडचं दिसेना. तरी डावीकडून आलेली कोंबडी त्या बरोब्बर हाकलत. आता तोडीची टोळी निघायला आली होती.

“तोडीला यायचं का न्हाई हिनं, तेवढं सांगा,” बबनराव म्हणाले.

मी फील्ड टेस्ट केली. नजर समोर ठेवायची, कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. उजवीकडे छान. डावीकडे दोन्ही डोळ्यांना काही म्हणजे काही नाही. मग मी डावीकडे टॉर्च हलवला.

“वर गेला की खाली?”

“दिसतच न्हाई, तर काय सांगू?”

“अंदाजे ठोका.”

त्या चिडून ठोकत गेल्या आणि बहुतेक उत्तरं बरोबर आली.

“बघा! धरली का न्हाई चोरी?”

“लेकराची शपथ, न्हाई ओ दिसत,” कांताबाई रडायलाच लागल्या.

मला त्यांची फार माया आली. म्हटलं, “बबनराव, गप्प बसा आणि ऐका. डोळे धड आहेत. डोळ्यांपासून मेंदूच्या मागच्या टोकापर्यंत हमरस्ता आहे. तिथे पोचलं की माणूस ‘मला दिसलं’ म्हणतो. यांचं तिथलं अर्धं गाव उठलंय. पण शेतातून जाते तशी एक अरुंद पाणंदही आहे. मेंदूच्या मधूनच फुटते आणि हालचाल ओळखणाऱ्या भागाकडे जाते. तिथून खबर येते, मान हलते. यांना मात्र पत्ता नसतो.”

“म्हंजी खरंच न्हाई दिसत?”

“खरंच.”

बबनरावांनी जमिनीवरचं लिंबू उचलून खिशात टाकलं. “सोंग असावं अशी लई आस हुती, म्याडम. सोंग काय, सोडता येतं.”

लिंबू फेकल्याचा माझा राग तिथेच संपला.

“मग कोयता?” कांताबाईंनीच विचारलं.

“अजिबात नाही. पाणंदीनं चाहूल येते. पातं बोटापासून किती लांब आहे, ते कळत नाही.”

त्या वर्षी त्यांचा कोयता गेला नाही. बबनराव गावातल्या डेअरीवर दुधाचे कॅन उचलायला लागले. कांताबाईंना मी मान फिरवून डावीकडे बघायची सवय लावली.

पुढच्या तपासणीला दोघं आले, तेव्हा मी चहा मागवला. बबनराव कांताबाईंच्या डाव्या हाताला बसले होते; आता कुठेही गेले तरी तिथेच असतात म्हणे. बोलता बोलता त्यांचं कोपर टेबलावरच्या चहाच्या ग्लासाकडे सरकलं. कांताबाईंनी समोर बघतच डावीकडचा ग्लास उचलून घेतला.

“दिसलं?” मी उत्सुकतेनं विचारलं.

“न्हाई ओ. ह्ये बोलाय लागले की सांडत्यातच.”

यातलं पाणंदीनं किती आलं आणि संसारानं किती, हे सांगणारं मशीन आमच्याकडे नाही. केसपेपरवर मी ‘फील्ड पूर्वीसारखंच’ एवढंच लिहिलं.