सोनेरी रिबीन

परवा दुकानात सोनेरी रिबीन दिसली आणि माझ्या पहिल्या कवितासंग्रहाच्या प्रकाशनाची सकाळ आठवली. मांडवीच्या आमच्या पडवीत कोऱ्या पुस्तकांचा वास भरला होता, मी एकच प्रत दहादा उघडून बघत होतो, आणि पाहुण्यांनी स्टेजवर उघडायच्या म्हणून धाकटी बहीण पाच प्रती रंगीत कागदात गुंडाळून सोनेरी रिबीन बांधत होती. मधेच एक पान वाचून ती थबकली. ‘दादा, “भरती वेळेवर येते, माणूस तेवढा येत नाही”, हे मी बोललेलं ना रे, आमचे हे जहाजावर गेले तेव्हा?’ मी मान हलवली. वाटलं, रागावेल. ती हसली. ‘म्हणजे मी पण पुस्तकात आले. स्टेजवरनं सांगशील ना? नवी साडीच नेसते मग.’ सांगतो म्हणालो. संध्याकाळी तीच कविता वाचली तेव्हा टाळ्या थांबेनात, आणि मी हवेतच होतो. आभार सगळ्यांचे मानले, खुर्च्या लावणाऱ्याचेसुद्धा. पहिल्या रांगेत ती पदर सारखा करून, नाव घेतलं की उठायचं म्हणून खुर्चीच्या टोकावर बसली होती. मी नाव घेतलं नाही. पाहुण्यांनी सोडलेल्या रिबिनी तिने घरी येऊन नीट गुंडाळून ठेवल्या. गडबडीत राहून गेलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. राहून गेलं नव्हतं. त्या टाळ्या मला एकट्याला हव्या होत्या.