बुगडीचं भोक आणि छातीवरचा व्रण

“यह कीलॉइड है,” डॉक्टरबाई माझ्या कानावरची गाठ चाचपत म्हणाल्या. “पहले क्यों नहीं बताया?”

सांगणार काय? आधी कुठलं ऑपरेशन झालंय का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. लग्नात बुगडी घालायची म्हणून कानाची वरची कड टोचली, त्याला कोण ऑपरेशन म्हणतं? सोबत आलेल्या सासूबाईंनीच माझे केस मागे सारले आणि म्हणाल्या, “इसका घाव भरने के बाद फूलता है. देखिए.”

कीलॉइड म्हणजे जखम भरल्यावरही वाढत राहणारा, जखमेबाहेर पसरणारा व्रण. काळ्यासावळ्या कातडीत तो जास्त होतो, त्यातही छातीच्या मधोमध. मी चांगली काळी आहे. आणि मला ब्रेस्ट रिडक्शन, म्हणजे स्तनांचा भार कमी करायची शस्त्रक्रिया, करून घ्यायची होती. हौस म्हणून नव्हे. मान अवघडायची, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर चर पडले होते.

तुमच्या अंगावर असा व्रण असेल, मग तो टोचलेल्या कानाचा का असेना, आधीच सांगा.

डॉक्टरबाईंनी शस्त्रक्रियेनंतरचे फोटो दाखवले. सगळ्या बायका गोऱ्यापान.

“मेरे रंग की कोई नहीं?”

नव्हती. दिल्लीतल्या आर. के. पुरमला घरी येऊन मी रागाने रडले. लग्न जमवताना रंग आडवा आला होता, आता इथेही!

“रंगावर कशाला चिडतेस?” सासूबाई म्हणाल्या. “मान तुझी दुखते, तूच ठरव.”

मी हो म्हटलं. डॉक्टरबाईंनी छातीच्या मध्याकडे जाणारा छेद आखूड ठेवला. नंतर व्रण दबून राहावा म्हणून सिलिकॉनची पट्टी, आणि तो उठू लागल्यावर स्टिरॉइडची इंजेक्शनं. ती चांगलीच झोंबतात. तरी डावीकडचं एक टोक चिंचोक्याएवढं उठलंच. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मान मोकळी झाली.

परवा तपासणीला गेले, तर बाहेर माझ्याच रंगाची एक मुलगी बसली होती. तिलाही हेच ऑपरेशन सुचवलं होतं. “बहुत डरी हुई है, आप मिलेंगी?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

पडद्याआड मी कुर्त्याची बटणं काढली. लाज वाटत होती. तिने उठलेल्या टोकाला बोट लावलं.

“दुखता है?”

“खुजली होती है. गर्दन अब नहीं दुखती.”

“बस इतना ही?”

“मेरा इतना हुआ. तुम्हारा ज़्यादा भी हो सकता है.”

ती बराच वेळ बघत राहिली. मीही कुर्ता सावरायची घाई केली नाही.