आडवा हात

आमच्या लातूरच्या घरात ‘नको’ या शब्दाला किंमत नाही, आणि याला जबाबदार माझे बाबा. चाकूरपासून भोकरपर्यंत नात्यातलं कुठलंही लग्न असो, पंगतीत बुंदीची बादली बाबांच्याच हाती. पाहुण्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला की ते बोटांच्या फटींतून बुंदी सोडत. हात आडवा करणारा नुसता लाजत असतो, हे त्यांचं ठाम मत.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणंही गेलं. नाकातून पोटात नळी घातलेले बाबा घरी आले. दवाखान्यातल्या सिस्टरनं मला शिकवलं: पाठ उंच करून बसवायचं, नळीवरची खूण नाकापाशीच आहे ना बघायचं, नळीला लावलेल्या मोठ्या सिरिंजमधून खाणं आपोआप उतरू द्यायचं. एका वेळी दोनशे मिली, वर थेंब नाही. उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतेल, असं तिनं बजावलं. छाती स्वच्छ राहिली तर पुढच्या आठवड्यात डॉक्टर चमच्यानं गिळवून बघणार होते. माझा सगळा जीव त्या चमच्यात अडकला होता.

आई मुगाच्या कढणाला जिऱ्याची फोडणी द्यायची आणि मग ते गाळायची. “नळी नाकातूनच जाती न्हवं? मग वास कळतच असंल,” ती म्हणायची.

बाबांचे धाकटे भाऊ, माझे काका, नांदेडहून भेटायला आले ते नेमके दुपारच्या जेवणाला. दीडशे मिली उतरलं असेल, तेवढ्यात बाबांनी डावा हात उचलून सिरिंजच्या तोंडावर आडवा धरला. मी थांबले.

“लाजायलेत दादा,” काका म्हणाले. “घाल की.”

“दोनशे झालं की बास हं काका.”

दोनशे झालं. हात तसाच, मी बोटांच्या फटीतून ओतलं होतं. “आता माझ्या नावानं थोडं,” काका म्हणाले. आई लगेच पुढे सरकली. “मग माझ्या नावानं न्हाई का?” आणि मी, सगळे नियम तोंडपाठ असलेली शहाणी बाई, बाबांची बोटं हलकेच बाजूला करून ओतत राहिले.

बाबांना ठसका लागला. कढण नाकातोंडातून बाहेर आलं, चेहरा काळानिळा पडला. मी नळी दाबली, त्यांना कुशीवर वळवलं. दवाखान्यात चार दिवस गेले आणि चमचा महिनाभर लांबला.

जास्त कुणी दिलं, असं सिस्टरनं विचारलं. मी काकांकडे बघितलं, काकांनी आईकडे. आई म्हणाली, “त्यांनाच पायजे होतं.”

सिस्टर मुदखेडची, तिनंही पंगती पाहिलेल्या. तिला हसू आलं नाही. “बोलायला त्यांच्यापाशी तेवढा एक हात राहिलाय,” ती म्हणाली. “तो आला की थांबायचं.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला, सव्वाशेवर, हात आला. मी नळी चिमटीत धरली आणि वाटी खाली ठेवली. आईनं उरलेलं कढण झाकून ठेवलं. बाबांचा हात मात्र हलेना. आम्ही आता फटीतून ओतणार म्हणून ते वाट बघत होते. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं.

काका खुर्ची ओढून जवळ बसले. “दादा, खरंच बास केलंय हिनं,” ते म्हणाले. “आन् एक सांगतो, रागवू नका. तुमची बुंदी मला कधीच नको असायची. घरी येऊन लई पोट दुखायचं.”

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांचं अर्धं तोंड हसलं, डोळे भरून आले, आणि सिरिंजवरचा हात काढून त्यांनी तो काकांच्या पोटावर ठेवला.