मामाला घेऊन लातूरला

नांदेडहून लातूरची बस सुटली तेव्हा माझ्या मांडीवर तिळाच्या तेलाची बाटली होती. ती आईने दिली होती. मागच्या रविवारी हिमायतनगरजवळच्या आमच्या गावी गेलो होतो, तेव्हा लातूरला स्पर्धेसाठी जाणार एवढेच तिला सांगितले. तिने ती कबड्डी धरली. गुडघ्याला लाव, म्हणाली. ही स्पर्धा टीव्हीसमोर बसून अंगठ्याने खेळतात, हे सांगायचे मनात होते. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच आहे आणि तिथे आम्ही नेमके काय करतो याबद्दल घरी आधीच शंका आहेत. त्यात भर नको म्हणून बाटली घेतली.

शेजारी शोएबभाई होते. आमच्या होस्टेलमागे एक गेम पार्लर आहे, तिथले ते सर्वांत चांगले खेळाडू. गेम मारामारीचा आहे. दोघांनी एकेक प्लेअर (पडद्यावरचा लढवय्या) निवडायचा आणि एकमेकांना बडवायचे. शोएबभाई पैलवान घेतात. मी मामा घेतो.

मामाविषयी थोडे सांगावे लागेल. चष्मा, स्वेटर, सुटलेले पोट. त्याचे नाव पडद्यावर कुठल्या तरी परक्या लिपीत येते, ते कोणालाच वाचता येत नाही, म्हणून मामा. त्याची लाथ समोरच्याच्या गुडघ्याच्या वर जात नाही. त्याला एकच गोष्ट नीट येते, ती म्हणजे खाली बसणे. तो बसला की बरेचसे वार डोक्यावरून जातात. मग समोरचा चिडून जवळ येतो आणि मामा बसल्या बसल्या त्याच्या नडगीवर छत्री मारतो. हे बराच वेळ केले तर कधी कधी मामा जिंकतो.

पुढे पुण्याला एक मोठी स्पर्धा होती. तिथे आमच्या पार्लरचे तिघे जाणार होते. दोघे ठरले होते. तिसऱ्याचे शोएबभाईंनी बसमध्ये सांगितले.

"लातूरला पहिली मॅच काढली तर पुण्याला तू अन् तुझा मामा. हरला तर मामाला सुट्टी. उद्यापासून पैलवान शिकायचा. कबूल?"

मी कबूल म्हणालो. त्यांनी मला खूप शिकवले आहे, त्यामुळे मी त्यांना बहुतेक कबूलच म्हणतो.

लोहा गेले. माळेगावच्या यात्रेचे मैदान लागले. यात्रा होऊन गेलेली, एक उंट तेवढा मागे राहिला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा हिरवागार होता आणि तुरी काढून रचल्या होत्या. अहमदपूरच्या स्टँडवर बाया ढाळे (ओल्या हरभऱ्याच्या जुड्या) विकत होत्या. तिथे जळकोटचे एक काका ढाळ्यांची जुडी घेऊन चढले आणि माझ्या दुसऱ्या बाजूला बसले. लातूरला कोणता क्लास लावला, असे त्यांनी विचारले. क्लास नाही, गेमची स्पर्धा आहे, असे मी सांगितले. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले. मामापाशी आल्यावर त्यांनी थांबवले.

"हरणारा गडी घ्यावाच कामून?"

मी पार्लरचा नियम सांगितला. आमच्याकडे एका वेळी एक प्लेअर एकानेच घ्यायचा आणि जो आधी येईल त्याने आधी निवडायचा. पहिल्या वर्षी माझे प्रॅक्टिकल उशिरा सुटायचे. मी पोचायचो तेव्हा मामाच उरलेला असायचा.

"म्हंजी तुम्ही घेतलाच न्हाई त्याला. तुमच्या वाट्याला आला."

मी हो म्हणालो. पण आता मी लवकर जाऊ शकतो, तरी मामाच घेतो, हे काकांना सांगितले नाही. त्याचे कारण मला बोलून दाखवता येत नाही. वर्गात सर प्रश्न विचारतात तेव्हा मी हात वर करायचे ठरवेपर्यंत उत्तर दुसरीकडून आलेले असते. बाकी सगळ्या प्लेअरना घाई करावी लागते. मामाबरोबर उशीर झाला तरी चालतो. काकांनी मला मूठभर ढाळे सोलून दिले.

लातूरला रिक्षावाल्याने नीट की जेईई असे विचारले. शोएबभाईंनी मंगल कार्यालय सांगितल्यावर त्याने आमच्या कपड्यांकडे पाहिले.

स्पर्धा खरोखरच मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुले मंडपावर तशीच होती. खेळाडूंना बसायला स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या ठेवल्या होत्या आणि मागे थर्माकोलची 'शुभविवाह' अशी अक्षरे होती. संयोजक सर कॉम्प्युटर क्लास चालवतात. त्यांनी पहिली जोडी पुकारली. माझ्यासमोर निकिता नावाची औशाची मुलगी आली. आम्ही दोघे त्या खुर्च्यांवर बसलो. कोणीतरी अक्षता मागितल्या. मी पडद्याकडे पाहत राहिलो.

मी मामा निवडला. आमच्या पार्लरचा नियम इथे नव्हता, तिनेही मामाच निवडला.

"आमच्याकडं ह्याला गुर्जी म्हणतेत," ती म्हणाली.

मॅच सुरू झाली. मी बसलो. ती बसली. छत्री लांब पोचत नाही आणि बसून पुढे सरकता येत नाही, त्यामुळे जो उठेल त्याच्या नडगीवर पडणार, हे मला माहीत होते. तिलाही माहीत होते. वेळ संपली. दोघांचे लाइफ पूर्ण, डाव बरोबरीत. दुसरा डावही तसाच गेला. मंडपात काही लोक जेवायला उठले. तिसऱ्या डावात संयोजक सर स्टेजवर आले, पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले, हँग झाले असे म्हणाले आणि त्यांनी प्लग काढला.

आम्ही दोघांनी एकदमच सांगितले की हँग नव्हते.

सरांना पटवायला शोएबभाईंना वर यावे लागले. मग सरांनी निकाल दिला की आता शेवटचा एकच डाव होईल. त्यात कोणी कोणाला मारले नाही तर दोघेही बाद. शोएबभाई खाली जाताना माझ्या कानाशी वाकले.

"काय करून राहिला तू? ऊठ."

मी पुन्हा बसलो. ती पुन्हा बसली. समोर चष्मा, स्वेटर, पोट. माझ्याशी खेळताना लोकांना कसे वाटत असेल, ते मला पहिल्यांदा समजले. फार राग येतो. वर्गात मी नेहमी दुसरे कोणी बोलेल याची वाट पाहतो. इथे ते होणार नव्हते, कारण समोर मीच बसलो होतो.

वेळ संपत आली. मी उठलो. दोन पावले चाललो असेन, तेवढ्यात नडगीवर छत्री बसली. मी उलटून लाथ मारली. ती छत्रीइतकी लांब पोचत नाही, मोकळीच गेली आणि वेळ संपली. एका छत्रीवर निकिता जिंकली.

नंतर बाहेर गाड्यावर निलंगा राईस (मसालेदार पिवळा भात) खाताना निकिता आणि तिचा मोठा भाऊ भेटले. भावाचे औशाच्या स्टँडजवळ गेमचे दुकान आहे. तो आणि त्याचे मित्र आधी निवडत, उरलेला हिला देत.

"तुम्ही उठला नसता तर मीच उठणार होते, दादा," ती म्हणाली. "पाय अवघडले होते."

मी खुर्चीमुळे का, असे विचारले.

"माझे न्हाई. गुर्जींचे."

पुढच्या फेरीत ती हरली. शोएबभाई उपांत्य फेरीत हरले.

परतीच्या बसमध्ये माझा अंगठा ठणकत होता. मी बाटली उघडून तेल लावले. शोएबभाई खिडकीबाहेर पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी आपला अंगठा पुढे केला. त्यालाही लावले. पैलवानाविषयी ते काही बोलले नाहीत, पण मी कबूल म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी पार्लरला गेलो, तर ते माझ्या आधी आले होते आणि त्यांनी मामा घेतला होता.

"औशाची ती पोरगी पुण्याला आली तर तिच्यापुढं मलाबी बसता आलं पाह्यजे," ते म्हणाले. "तू पैलवान घे. शिकव."

मी पैलवान घेतला. तो चांगला आहे, कुठलेही बटण दाबले तरी काहीतरी होते. शोएबभाई बसायचे आणि लगेच उठायचे. उठले की मी त्यांना उचलून आपटायचो. असे बऱ्याचदा झाले.

"भाई, एवढ्यात उठू नका," मी म्हणालो. त्यांना मी काही सांगण्याची ही पहिलीच वेळ.

ते बसले. मी जवळ गेलो नाही. ते उठले. मी आपटले. त्यांनी रिमोट माझ्या मांडीवर ठेवला.

"हे बसणं मला जमून न्हाई राहिलं. पुण्याला तूच बस."

लातूरला जाऊन मी एकच मॅच खेळलो आणि ती हरलो. तरीही मामा माझ्या वाट्याला आला होता की मी घेतला, असे आता जळकोटच्या काकांनी विचारले, तर मला उत्तर देता येईल असे वाटते.

संध्याकाळी आईला फोन केला. तिने गुडघे फुटले का, असे विचारले.

"न्हाई. बसूनच होतो."

"मंग खेळवलंच न्हाई का तुला?"

"खेळवलं. पुण्यालाबी नेणार हायत."

मग तेल उरले का, ती म्हणाली. मी उरले आहे म्हणालो.

"मंग ते घिऊन जाय," ती म्हणाली. "बसून बसूनबी दुखतेत."